वजनदार पट्ट्यांचा मिडी कंट्रोलर घ्यायचाय, पियानोसारखा हात बसेल असा कोणता?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे, पियानोच्या क्लासला जाते. घरी ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड आहे, त्यावर आजवर निभावलं. आता बाईंनी सांगितलंय, "हिची बोटं हलकी पडतात. क्लासच्या पियानोवर बसली की अर्धे सूर वाजतच नाहीत. घरी वेटेड कीज आणा."

दुसरीकडे मी स्वतः हौशी. लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) टाकलंय, रात्री जुन्या चालींना नव्यानं वाद्यमेळ लावत बसतो. त्यासाठी २५ पट्ट्यांचा एक पिटुकला मिडी कंट्रोलर आहे (स्वतःचा आवाज नसलेला, कुठली पट्टी कशी दाबली ते फक्त लॅपटॉपला कळवणारा कीबोर्ड). तर विचार असा की ८८ पट्ट्यांचा वेटेड मिडी कंट्रोलर घ्यावा, लॅपटॉपला जोडावा आणि पियानोचा आवाज सॉफ्टवेअरमधून काढावा. दोघांचंही काम होईल.

बजेट ६० हजार, ताणून ७०. जागा म्हणजे बेडरूमच्या खिडकीखालची भिंत, जेमतेम साडेचार फूट. खालच्या मजल्यावर सावध झोपेचे काका राहतात, हेही आधीच सांगून ठेवतो.

सेमी-वेटेड, फुल्ली वेटेड, हॅमर ॲक्शन, ग्रेडेड हॅमर... वाचून डोकं भणभणलंय. वापरणाऱ्यांनी सांगा.

स्टुडिओतला_उंदीर

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. जाहिरातीत "पियानो-स्टाइल कीज" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पट्टी दिसायला पियानोसारखी, पुढून बंद पेटीच्या आकाराची. आत स्प्रिंगच असते. "सेमी-वेटेड" म्हणजे स्प्रिंग आणि पट्टीखाली थोडं वजन. "हॅमर ॲक्शन" लिहिलं असेल तरच आत खरोखर हलणारा हातोडा असतो. "ग्रेडेड" म्हणजे डावीकडचे खर्जाचे सूर जड आणि उजवीकडे जाल तसे हलके, खऱ्या पियानोत असतात तसे. नुसतं "वेटेड" लिहून सोडलं असेल तर दुकानदाराला खोदून विचारायचं.

नावांत फसू नका. एम-ऑडिओचा कीस्टेशन ८८ सेमी-वेटेड आहे आणि त्यांचाच हॅमर ८८ हॅमर ॲक्शनचा. आर्टुरियाचा कीलॅब एसेन्शियल ८८ सेमी-वेटेड, तर कीलॅब ८८ एमके२ मध्ये फातार या ॲक्शन (पट्ट्यांची आतली यंत्रणा) बनवणाऱ्या कंपनीची हॅमर ॲक्शन. ८८ आकडा बघून पैसे मोजणारे बरेच पाहिलेत.

पेटीवाला

वाचतोय. माझा हात पेटीवर बसलेला. एकदा मित्राकडे असला वजनदार कीबोर्ड वाजवला, काळी चारमध्ये दोन ताना घेतल्या आणि मनगट धरलं. एवढं वजन हवंय कशाला? आवाज तर स्पीकरमधून येणार. हलकं घ्या, पण प्रश्न खराच आहे.

सोल्डरिंग

पेटीवाला, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नाशकात कीबोर्ड दुरुस्तीचं काम करतो, बरेच उघडून पाहिलेत.

तुम्ही किती जोरात दाबलं हे कीबोर्ड मोजतच नाही. पट्टीखाली रबराचा घुमट असतो, त्यात कार्बनचे दोन संपर्क, एक जरा वर आणि एक खाली. पट्टी खाली जाताना पहिला टेकतो, मग दुसरा. मधला वेळ कमी तर आवाज मोठा, वेळ जास्त तर आवाज बारीक. त्या वेळेचा १ ते १२७ मधला एक आकडा करून मिडीवरून पाठवला जातो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून हा आकडा तसाच चालू आहे. म्हणजे वजन फक्त तुमच्या बोटासाठी असतं, यंत्राला त्याचं काही पडलेलं नाही.

मग वजन कशाला? तर बोटाला वेग *आवरता* यावा म्हणून. स्प्रिंगची पट्टी जितकी दाबाल तितका विरोध वाढत जातो आणि सोडली की उसळून वर येते. हातोड्याचं उलटं. झोपाळ्यासारखं, पहिला ढकल जड आणि एकदा हलला की आपल्या वजनानं जातो. बारीक आवाजात वाजवताना बोटाला जो आधार लागतो तो त्या पहिल्या ढकलण्यात मिळतो. स्प्रिंगवर शिकलेल्या मुलांचे हळू सूर पियानोवर गळतात ते यामुळे. कोथरूडकर, तुमच्या बाईंचं निदान अचूक आहे.

पेटीत हे सगळं भात्याकडे असतं. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. म्हणून तुमच्या हाताला वजन म्हणजे नुसता अडथळा वाटणार. तुमच्यासाठी सेमी-वेटेडच ठीक.

पेटीवाला

आता कळलं. आभार.

बव्हेरियातला_बंडू

कोथरूडकर, तुमच्या गणितात एक गोष्ट तपासून बघा.

रोलँडचा ए-८८ एमके२ हा खास कंट्रोलर, आत एकही आवाज नाही. त्यात पीएचए-४ नावाची ॲक्शन आहे. रोलँडचाच एफपी-१० हा डिजिटल पियानो, स्वतःचे आवाज, स्वतःचे स्पीकर, यूएसबीवरून मिडी. त्यातही पीएचए-४ च. आणि एफपी-१० ची किंमत कंट्रोलरपेक्षा बरीच कमी. इथे जर्मनीत तर जवळजवळ निम्मी. म्हणजे हात तोच, वर आवाज फुकट.

असं का? शिकणाऱ्या मुलांसाठी डिजिटल पियानो ढिगानं खपतात, वजनदार कंट्रोलर घेणारे मोजके. त्यामुळे "मला आवाज नकोत, फक्त पट्ट्या हव्यात" असं म्हणणाऱ्याला उलट जास्त पैसे पडतात. कंट्रोलरमध्ये जास्तीचं मिळतं ते म्हणजे पिच बेंडचा (सूर वर-खाली सरकवायचा) दांडा, मॉड्युलेशन (वाजत्या सुराचा रंग बदलणं), फिरकी बटणं, पॅड आणि सॉफ्टवेअरशी जोडणी. ते तुम्हाला रोज लागतं का, एवढाच प्रश्न.

मी थोमान या वाद्यविक्रेत्याच्या ट्रेपेनडॉर्फमधल्या दुकानात एक अख्खा शनिवार घालवला, बायको बाहेर कॉफी पीत बसली होती. तिथे स्टुडिओलॉजिकचा एसएल८८ स्टुडिओ आणि एसएल८८ ग्रँड शेजारी शेजारी होते. स्टुडिओमध्ये फातारची टीपी/१००एलआर, ग्रँडमध्ये टीपी/४०वुड, म्हणजे लाकडी पट्ट्या. एकाच कंपनीचे, पण हाताला दोन वेगळी वाद्यं. ग्रँडचं वजन २० किलोच्या वर आहे, साडेचार फुटाच्या भिंतीशी आणि तुमच्या कमरेशी आधी बोलून घ्या.

तिथेच कावाईचा व्हीपीसी१ होता. लाकडी पट्ट्या, तीन सेन्सर, सोबत तीन पेडलांचा पाट, जवळपास ३० किलो. नुसता कंट्रोलर, त्यावर पिच बेंडसुद्धा नाही. हाताला त्याच्या जवळपास दुसरं काही आलं नाही. पण तो तुमच्या बजेटच्या पार बाहेर, म्हणून नुसतं सांगून ठेवतो.

अवांतर: फातार इटलीतल्या रेकानातीची. शेजारचं कास्तेलफिदार्दो ॲकॉर्डियनसाठी प्रसिद्ध, आणि ॲकॉर्डियन म्हणजे पेटीचंच भावंड, दोन्हींत पितळी-पोलादी पात्यांवर हवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे कित्येक महागडे कीबोर्ड आतून याच भागातल्या ॲक्शनवर चालतात. पेटीवाल्यांना आवडेल म्हणून लिहिलं.

कोथरूडकर

बंडू, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी "डिजिटल पियानो" हा कप्पाच बाजूला ठेवला होता, कारण मिडी म्हणजे कंट्रोलर असं धरून चाललो होतो. म्हणजे एफपी-१० लॅपटॉपला जोडला की माझं रीपर त्याला कंट्रोलरच समजेल?

बव्हेरियातला_बंडू

हो. मागे यूएसबीचं भोक आहे, प्रिंटरला लागते ती चौकोनी तोंडाची केबल. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, लोकल कंट्रोल बंद करायला शिका. नाहीतर पियानोचा स्वतःचा आवाज आणि सॉफ्टवेअरचा आवाज असे दोन्ही येतात, एक किंचित मागून. लोक समजतात कीबोर्ड बिघडला. मॅन्युअलमध्ये "लोकल कंट्रोल" शोधा, बहुतेक यंत्रांत एक बटण धरून ठरावीक पट्टी दाबायची असते. अगदीच नाही जमलं तर पियानोचा आवाज शून्यावर.

दोन, रेकॉर्डिंग ब्लूटूथवर करू नका. वायरच वापरा.

स्टुडिओतला_उंदीर

मी विरोधी पक्षात. डिजिटल पियानो घेऊन वाद्यमेळ करायला बसलात की महिन्याभरात चिडाल. तंतुवाद्यांचा आवाज लावला की डाव्या हाताला मॉड्युलेशनचं चाक हवंच. सूर हळूहळू फुलवायचा तर तेच चाक. बासरीत, सारंगीत मींड घ्यायची तर पिच बेंड. डिजिटल पियानोवर यातलं काहीही नाही. मग माऊसनं रेघोट्या ओढत बसायचं.

मी मालिकांचं पार्श्वसंगीत करतो. एका दिवसात डझनभर छोटे तुकडे द्यायचे असतात. तिथे हॅमर ॲक्शन मला आडवी येते. ढोलकी-ताशाचे बोल पट्ट्यांवर वाजवायचे तर जड पट्टी वेगानं परत वर येत नाही, अंगठा दुखतो. माझ्या मुख्य टेबलावर ६१ सेमी-वेटेड आहे आणि हॅमरवाला भिंतीला टेकून उभा. पियानो लागला तरच खाली येतो.

रानजाई

उंदीरभाऊ, तुमचं काम वेगळं. मुलगी पियानो शिकतेय, तिच्यासाठी यंत्र *उघडं* असलं पाहिजे. मडगावात मी मुलांना शिकवते, अनेकांच्या घरी जाऊन पाहिलंय. जिथे वाजवायच्या आधी लॅपटॉप सुरू करा, इंटरफेस (आवाजासाठी लॅपटॉपला जोडायची डबी) लावा, सॉफ्टवेअर उघडा, हेडफोन शोधा असं असतं, तिथे मूल आठवड्यातून दोनदा बसतं. जिथे एक बटण दाबलं की आवाज येतो, तिथे शाळेतून आल्यावर डबा टाकता टाकता दोन स्केल वाजवून जातं. कोथरूडकर, तुम्ही ऑफिसला लॅपटॉप घेऊन गेलात तर ती काय करणार?

दुसरं, परीक्षेचं. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या पियानो परीक्षेत डिजिटल पियानो चालतो, पण पूर्ण आकाराच्या, वजनदार, स्पर्श कळणाऱ्या पट्ट्या आणि सस्टेन (सूर लांबवणारं) पेडल हवंच. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळात "इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड" हा पियानोपेक्षा वेगळा विषय आहे. फॉर्म भरताना पालक गोंधळतात, तेव्हा बाईंना विचारूनच भरा.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं. "काहीतरी वाजवून बघा" याला अर्थ नाही. मी विद्यार्थ्यांच्या आईबाबांना हे करायला सांगते.

मधला सी घ्या, जमेल तितका हळू वाजवा आणि तितकाच हळू पुन्हा, असं दहा वेळा. दहाही वेळा सूर आला आणि साधारण सारखाच आला तर यंत्र चांगलं. मधेच एखादा गळत असेल किंवा अचानक मोठा येत असेल तर पुढे बघायचंच नाही.

मग तीच पट्टी पूर्ण दाबा, अर्ध्यातून वर येऊ द्या, पुन्हा दाबा. खऱ्या ग्रँडवर सूर पुन्हा वाजतो. तीन सेन्सरवाल्या ॲक्शनमध्ये हे बऱ्यापैकी जमतं, दोनवाल्यात पट्टी जवळपास पूर्ण वर यावी लागते. पहिल्या ग्रेडला फरक पडत नाही, पाचव्या ग्रेडच्या पुढे पडतो.

आणि मुलांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी बघत नाही. बोट काळ्या पट्ट्यांच्या मध्ये, आत, भिंतीजवळ नेऊन पांढरी पट्टी दाबा. खऱ्या पियानोत पट्टी आत बरीच लांब असते, तिचा टेकू दूर असतो, म्हणून आतूनही सहज दबते. पातळ, सडसडीत यंत्रांत टेकू अगदी जवळ येतो आणि आतून दाबायला दुप्पट जोर लागतो. ई-फ्लॅटचे कॉर्ड वाजवायला लागली की हात आत जातोच. लहान बोटांना तिथे त्रास होतो आणि मूल बोटं वाकडी करून पळवाट काढतं. ती सवय नंतर सुटता सुटत नाही.

मध्यसप्तक

रानजाई, वाचनखूण साठवली.

सोल्डरिंग

टेकूच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. उघडलं की स्पष्ट दिसतं.

दुकानात नेण्यासारखी आणखी एक गंमत. खिशात दहा रुपयांची आठ-दहा नाणी ठेवा. हल्लीचं दुरंगी नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. पट्टीच्या पुढच्या कडेला एकावर एक रचत जा. पट्टी आपसूक हळू खाली जायला लागली की थांबा. चांगल्या घडणीच्या खऱ्या पियानोत मधल्या सीला साधारण ५० ग्रॅम लागतात, म्हणजे सहा-सात नाणी. (खऱ्या पियानोवर मोजताना उजवं पेडल दाबून धरा, नाहीतर डॅम्परचंही (तार थांबवणाऱ्या गादीचंही) वजन मोजलं जातं.) मग तीच नाणी सगळ्यात डावीकडच्या आणि सगळ्यात उजवीकडच्या पट्टीवर लावा, "ग्रेडेड" खरं की छापील ते कळेल.

मात्र यावरच निवड करू नका. नाणी स्थिर वजन सांगतात. वेगानं वाजवताना हातोड्याचं जडत्व किती आडवं येतं ते नाण्यांना कळत नाही. पन्नास ग्रॅमची पट्टीसुद्धा जलद वाजवताना चिखलात रुतल्यासारखी वाटू शकते.

निवृत्त_नाना

मी ६८ वर्षांचा, निवृत्तीनंतर शिकायला लागलो. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. इथे सगळे "जड ते खरं" म्हणतायत म्हणून लिहितो. माझ्या मुलानं हौसेनं सगळ्यात जड ॲक्शनचा आणून दिला आणि मी वीस मिनिटांत दमत होतो. तो परत करून हलक्या हॅमर ॲक्शनचा घेतला, आता तासभर बसतो. ग्रेडेड हॅमरमध्येही हलके-जड असतात हो. आपल्या बोटांना विचारा.

रानजाई

नाना, अगदी बरोबर. आणि खरे पियानोसुद्धा सगळे सारखे नसतात. एकाच हॉलमधल्या दोन ग्रँडच्या पट्ट्यांत फरक असतो.

स्टुडिओतला_उंदीर

यामाहाचा कुणी उल्लेखच केला नाही. पी-४५ वर अर्ध्या भारतानं सुरुवात केली असेल. जीएचएस ॲक्शन, आता त्याच्या जागी पी-१४५ आला, जीएचसी ॲक्शन. दोन्ही ग्रेडेड, ६४ सुरांची पॉलिफनी, म्हणजे एका वेळी ६४ सूर वाजू शकतात. सॉफ्टवेअरचा आवाज वापरणार असाल तर पॉलिफनीचा आकडा विसरा, तो त्यांच्या आतल्या आवाजापुरता असतो. मिडीला काही फरक पडत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक कंट्रोलर म्हणून घेतानाही १९२ की २५६ करत बसतात.

एक फरक मात्र तुमच्या कामाचा. पी-२२५ आणि रोलँडचा एफपी-३०एक्स, दोघांतही यूएसबीवरून मिडीबरोबर आवाजही लॅपटॉपमध्ये जातो. एफपी-१० आणि पी-१४५ मध्ये फक्त मिडी जातं, आवाज बाहेर काढायचा तर हेडफोनच्या भोकातून. तुम्ही सॉफ्टवेअरचाच आवाज वापरणार असाल तर काही अडत नाही.

कोथरूडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर कुठल्या रिव्ह्यूत सापडलं नव्हतं. एक शंका. सॉफ्टवेअरमधून वाजवताना आवाज उशिरा येतो अशी तक्रार खूप वाचली. माझा लॅपटॉप विंडोजचा, जुनाच, ८ जीबी रॅमचा.

स्टुडिओतला_उंदीर

विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर उशीर होणारच. एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर हवा. चांगला मार्ग म्हणजे ऑडिओ इंटरफेस, त्याच्यासोबत त्याचा ड्रायव्हर येतो. फुकटातला मार्ग म्हणजे एएसआयओ४ऑल.

बफरचं (लॅपटॉप आवाजाचा जेवढा तुकडा आधी साठवून मग वाजवतो त्याचं) गणित सोपं आहे. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. त्यात ड्रायव्हरचा आणि यूएसबीचा थोडा भर. वाजवताना २५६ वर ठेवा. चटचट आवाज आला तर ५१२, आणि मिक्स करताना आणखी वाढवा.

८ जीबीत कित्येक जीबींच्या सॅम्पल लायब्ऱ्या (खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे साठे) ओढू नका. पियानोटेक हे सॉफ्टवेअर बघा. तो सॅम्पल वाजवत नाही, तारा, हातोडा, लाकडी फळी यांचं गणित तिथल्या तिथे करून आवाज तयार करतो. म्हणून डाउनलोड चिमुकलं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं, ट्रायलही आहे. फुकट हवा असेल तर सॅलमँडर ग्रँड. यामाहा सी५ चे सॅम्पल, १६ व्हेलॉसिटी थरांचे.

सोल्डरिंग

आणि आवाज बसवल्यावर *व्हेलॉसिटी कर्व्ह* (कोणत्या आकड्याला किती मोठा आवाज, हे ठरवणारी रेघ) लावा! निम्मे लोक "ॲक्शन खराब" म्हणून यंत्र विकतात, आणि खराब असतो तो कर्व्ह. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, दोन्ही फुकट. उघडायचं आणि वाजवत आकडे बघायचे. आपल्या हाताचं अगदी हळू किती येतं आणि अगदी जोरात किती. हळू वाजवूनही ५० च्या खाली आकडा जात नसेल, किंवा जीव खाऊन मारलं तरी १०० च्या वर जात नसेल, तर सॉफ्टवेअरमधला कर्व्ह वाकवायचा. पियानोटेकमध्ये तर मोजून घ्यायची सोयच आहे, तो वाजवायला सांगतो आणि स्वतः कर्व्ह बेततो.

हात चांगला वाटणं म्हणजे बोटाला जे लागतं आणि कानाला जे येतं त्यांचं जमणं. लाखाच्या ॲक्शनवर चुकीचा कर्व्ह लावा, ती खेळणं वाटेल.

रिकामटेकडा

बजेट कमी असेल तर सेकंडहँड कसं? जुन्या वस्तूंच्या साइटवर बरेच दिसतात. मुलं परदेशी गेली, पियानो पडून आहे वगैरे.

सोल्डरिंग

घ्या, पण स्वतः जाऊन. लॅपटॉप न्या, मिडी मॉनिटर लावा, ८८ च्या ८८ पट्ट्या एकाच जोरानं वाजवा. सुरांचे आकडे २१ पासून १०८ पर्यंत सलग यायला हवेत आणि व्हेलॉसिटी साधारण सारखी. एखादी पट्टी एकदम ११०-१२७ दाखवत असेल तर तिच्या कार्बनच्या संपर्कावर धूळ किंवा दमट बुरशी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं बरेचदा जातं, पण सगळं खोलावं लागतं. पट्टी टकटक वाजत असेल तर खालची फेल्टची पट्टी बसलेली. पट्टी बाजूला डुलत असेल तर झिजलेली, सोडून द्या.

माझ्याकडे आलेला एक नमुना, कंपनीचं नाव लिहीत नाही. जेमतेम वर्षभर जुना, एक सूर दाबला की दोनदा वाजायचा. उघडला तर रबराच्या घुमटाखाली मुंग्या. पट्ट्यांवर बसून खारी खाणारा नातू होता घरात.

रानजाई

आमच्याकडे मुंग्या कमी, पावसाळा भारी. जून ते सप्टेंबर यंत्रावर जाडसर सुती कापड घाला. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतं. सिलिका जेलच्या पुड्या आजूबाजूला ठेवा, अधूनमधून बदला. आणि रोज वाजवा.

बव्हेरियातला_बंडू

खालच्या काकांबद्दल. हेडफोन लावला की शेजारी सुटले असं समजू नका. स्पीकरचा आवाज बंद झाला तरी पट्ट्यांचा धप्प-धप्प स्टँडमधून लादीत उतरतो आणि खालच्या छतातून ऐकू येतो. इथल्या लाकडी मजल्यांवर तर फारच. माझ्या खालच्या आजींनी चिठ्ठीच टाकली होती. स्टँडच्या पायांखाली जाड रबरी पॅड, त्याखाली जिमला वापरतात ती चटई. एक्स आकाराचा स्टँड घेऊ नका, जोरात वाजवलं की हलतो आणि गुडघे अडकतात. झेड आकाराचा किंवा लाकडी घ्या.

कोथरूडकर

अपडेट देतो.

शनिवारी लेकीला घेऊन गेलो. खिशात नाणी, हातात रानजाईंची यादी. दुकानातला मुलगा आधी हसला, मग त्यानंच आणखी दोन यंत्रं लावून दिली. बजेटात बसणारे तीन निघाले, एफपी-१०, पी-१४५ आणि एक हॅमरवाला कंट्रोलर. नाण्यांनी रोलँड आणि यामाहावर डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, असं सरळ दाखवलं.

कंट्रोलरवर आवाज नसल्यामुळे दुकानदारानं लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअर उघडेना, अपडेट मागायला लागलं, आणि लेक तोवर एफपी-१० वर जाऊन तिचा तुकडा वाजवायला लागली होती. रानजाई म्हणाल्या तेच. हळू सूर तिच्या हातून दहापैकी नऊ वेळा आला. पी-१४५ वर सात-आठ. तिला एफपी-१० च्या पट्ट्यांचा खरखरीत पोतही आवडला, मला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

तर एफपी-१० घेतोय. उंदीरभाऊ, माझा जुना २५ पट्ट्यांचा कंट्रोलर शेजारीच ठेवणार. त्यावर पिच आणि मॉड्युलेशनच्या टचपट्ट्या आहेत. उजवा हात पियानोवर, डावा त्याच्यावर. दोन्हींचं मिडी रीपरमध्ये एकाच ट्रॅकला देता येतं, करून पाहिलं.

स्टुडिओतला_उंदीर

जमेल. टचपट्टीवर तंतुवाद्यं फुलवताना मला शिव्या देऊ नका एवढंच. पुढेमागे चाकवाला एखादा हलका ४९ घ्याल, लिहून ठेवा.

पेडल मात्र आत्ताच वेगळं बघा. सोबत येतं ते छोटं डबीसारखं असतं, पाय मारला की सरकतं. खऱ्या पेडलसारखं धातूचं, जड बुडाचं घ्या. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर पोलॅरिटी उलटी निघू शकते, म्हणजे पाय उचलला की सूर लांबतो. काही पेडलांना खाली त्यासाठी खटका असतो, असा खटका असलेलंच घ्या. अर्धं पेडल ओळखणारं हवं असेल तर आपल्या पियानोला ते कळतं का, ते आधी विचारा.

कोथरूडकर

नोंदवलं. शेवटचा प्रश्न. आमच्याकडे डायनिंगची खुर्ची आहे, ती चालेल की बाक घ्यायलाच हवा?

रानजाई

खुर्चीला हात नसतील आणि उंची जमत असेल तर सुरुवातीला चालेल. तिला बसवा, हात पट्ट्यांवर ठेवायला सांगा. कोपर पट्टीच्या पातळीला किंवा अगदी किंचित वर यायला हवं. कोपर खाली गेलं तर मनगट लोंबतं आणि मग कितीही चांगली ॲक्शन असो, जोर खांद्यातून यायच्या ऐवजी बोटांतून येतो. डायनिंगच्या खुर्च्या मुलांना बहुतेक बुटक्या पडतात, खाली घट्ट उशी घाला, मऊ नको. पाय जमिनीला टेकत नसतील तर पाट द्या. ती उंच होतेय, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. म्हणून सवडीनं उंची कमी-जास्त होणारा बाकच घ्या.